चिरायची राहिलेली गाठ

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे शंकाबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. लावलेलं कुलूप दोनदा ओढून बघणारी, बाटलीवरची चिठ्ठी खरवडून खाली जुनी तारीख दडलीय का ते पाहणारी बाई ती. तिच्या शेजारच्या टेबलावर मी नऊ वर्षं काढली. माझ्या हातावर तिचा कधीच भरवसा नव्हता आणि त्याचा मला भयंकर राग यायचा.

स्तनातल्या गाठीचे पातळ काप काचेवर घेऊन रंगवायचे, हे आमचं काम. पेशींत एक ठरावीक प्रथिन असलं की काप तपकिरी होतो. तसा झाला तर रोजच्या एका गोळीवर पुष्कळ बायका वर्षानुवर्षं निभावून नेतात. कोरा राहिला तर ती गोळी कुचकामी, आणि आजार उलटण्याची भीती जास्त.

तिच्या सख्ख्या वहिनीची काच कोरी निघाली.

शंकाबाईने आधी यंत्रावर संशय घेतला, मग रंगाच्या बाटलीवर. पण त्याच फेरीतल्या बाकीच्या काचा व्यवस्थित तपकिरी होत्या. मग राहिले मी. हिने काच बदलली असणार, असं तिने काचा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सरळ सांगितलं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. घरचं माणूस आहे म्हणून हिला पचत नाहीये, असंच आम्ही धरून चाललो होतो.

तिसऱ्या दिवशी ती मायक्रोस्कोपला चिकटून बसली ती उठेचना. मग मला बोलावलं.

"गाठ सोड. बाजूच्या निरोगी नळ्या बघ."

त्याही कोऱ्या होत्या. दुधाच्या निरोगी नळ्यांत थोडा तरी तपकिरी रंग दिसायलाच हवा. म्हणजे तुकडाच आतून नासलेला. आलेली गाठ लगेच चिरून तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवावी लागते. अख्खी ठेवली तर ते आत पोचत नाही आणि प्रथिनं नासतात.

कुणाचा हा हलगर्जीपणा, म्हणत तिने तावातावाने नोंदवही उघडली. शनिवार, दुपार. चिरल्याची वेळ: रिकामी. गाठीचा डबा घेणाऱ्याची सही तिचीच.

तिने त्या सहीवर बोट ठेवलं. "वहिनीची होती गं. सुरी लावायला हातच होईना. मागून येणारा चिरेल म्हटलं. तेवढं एकदाच नाही बघितलं."

मला तिची फार दया आली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

ऑपरेशनच्या आधी सुईने काढलेला तुकडा कपाटात शिल्लक होता. तो तिने माझ्या हातात दिला. "तू रंगव," म्हणाली, आणि बाहेर जाऊन बसली. काप गडद तपकिरी झाला.

त्याच संध्याकाळी तिने वहिनीला सगळं सांगितलं, स्वतःच्या सहीसकट. कोऱ्या काचेचं कळल्यापासूनच्या दिवसांत वहिनीने घरच्या कपाटाच्या किल्ल्या लेकीकडे देऊन टाकल्या होत्या. ती रागावली नाही. किल्ल्या परत मागून घेतल्या आणि एवढंच म्हणाली,

"वन्सं, सगळ्या जगाचं तुम्ही दोनदा बघता. माझंच तेवढं राहिलं."