टॉन्सिल काढण्याच्या दोन पद्धती

धाकट्या बहिणीचे टॉन्सिल काढायचे ठरले तेव्हा मी वहीच्या एका पानावर तक्ता केला. डावीकडे हत्याराने सोडवून दोऱ्याने बांधायची जुनी पद्धत, उजवीकडे विजेच्या उष्णतेने जाळत काढायची. मला वाचायची सवय. चार-पाच दिवस मिळतील ते लेख वाचले. जुन्या पद्धतीत टेबलावर रक्त जास्त जाते, पण मागाहून त्रास कमी. उष्णतेच्या पद्धतीत टेबलावर रक्त फारसे नाही. दुखते मात्र जास्त, आणि आठवडाभराने खपली सुटताना रक्त येण्याचा धोका थोडा अधिक.

“ताई, गळा माझा हाय का तुझा?” बहीण म्हणाली. “एवढा अभ्यास झालाय तर टेबलावर तूच झोप.”

धाराशिवच्या डॉक्टरांनी तक्ता शांतपणे पाहिला. “दोन्ही येतात मला. पण माझा हात दोऱ्यावर बसलाय.”

“मग तसंच करा,” बहीण म्हणाली.

मला टेबलावरचे रक्त दिसत होते. मी उजव्या रकान्यावर अडून बसले. शेवटी तिने माझे ऐकले.

ऑपरेशन नीट झाले. तिला ढोकीला घरी आणले. आठव्या दिवशी दुपारी ती पडून होती, मी शेजारी पुस्तक घेऊन बसले होते. ती सारखी गिळत होती. इतके दिवस तिला घोटभर पाणीही नको असायचे, म्हणून मला बरे वाटले.

“बघ, जमायला लागलं की गं.”

तिने डोळे न उघडता हुंकार दिला. तासाभराने ती उठून बसली आणि तिला उलटी झाली. काळसर, गाठीगाठींची. इतका वेळ ती रक्त गिळत होती. ‘सारखे गिळत असल्यास लगेच या’ असे दवाखान्यातून सुट्टी देताना दिलेल्या कागदावर लिहिलेले होते. इतके लेख वाचणारी मी, तो कागद न वाचताच फाइलमध्ये ठेवला होता.

तिला घेऊन निघालो, पण उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडली. धाराशिव येण्याआधीच ती गेली.

डॉक्टर म्हणाले, “दोऱ्यानं केलं असतं तरी हे होऊ शकलं असतं.” ते खरे आहे. मीही तसेच वाचले आहे.

भेटायला येणाऱ्या बायकांना आई सांगते, “थोरलीनं लई अभ्यास केला. तिनं काय कमी केलं न्हाय.” बहिणीने स्वतः काय मागितले होते, हे आईला ठाऊक नाही. आज सकाळीही आई शेजारणीला तेच सांगत होती. मी खाली मान घालून गहू निवडत राहिले.