खऱ्या मण्यांचा झगा

लिओनार्ड ऑगस्ट बोवे. जन्म १९०४, मृत्यू १९८१. दोन्ही अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, विंड रिव्हर नदीच्या खोऱ्यात. व्यवसाय कातडी कमावण्याचा.

त्याचा पणजोबा केसाळ कातड्यासाठी बीव्हर हे पाणप्राणी धरणारा फ्रेंच शिकारी, पणजी तिथल्या मूळच्या शोशोनी जमातीची. पणजोबाच्या पश्चात तिने चार मुले वाढवली आणि उतारवयात लिओनार्डच्या थोरल्या बहिणीला, ओडिलला, कुशीत निजवले. आईविना वाढलेल्या ओडिलची सारी माया त्या म्हातारीपाशी होती.

१९७२ साली जुन्या डोंगरी शिकाऱ्यांवर चित्रपट काढणारी मंडळी खोऱ्यात आली. बोवे घराण्याची कथा त्यांना पसंत पडली. पोशाखांचे काम लिओनार्डकडे आले. हरणाचे कातडे त्याने जुन्या रीतीने हरणाचाच मेंदू चोळून मऊ केले, धुरी दिली, जनावराच्या स्नायूंच्या तंतूंनी शिवले. पणजीच्या झग्यावर होते तसेच निळे मणी खांद्यावर ओवले. मग त्याला समजले की, चित्रपटाच्या कथेत पणजी तरुणपणीच मारली जाते.

“अहो, ती म्हातारी होऊन गेली!”

दिग्दर्शक म्हणाला, “बोवेसाहेब, बायको जगली तर आमचा नायक घरीच बसेल. लोकांनी काय त्याला लाकडं फोडताना बघायचं?”

सगळे हसले, लिओनार्डही हसला. निदान कपडे तरी खरे आहेत, अशी त्याने मनाची समजूत घातली.

झगा दाखवावा म्हणून त्याने ओडिलला चित्रपटास नेले. तिची स्मृती तेव्हा डळमळू लागली होती. बर्फात रक्त सांडले आणि ओडिलने त्याचा हात घट्ट धरला.

“मला कुणी सांगितलं कसं नाही रे?”

“ताई, नटी आहे ती. पणजी तुझे केस विंचरायची, आठवतं ना?”

“थापा मारू नकोस. तिचा झगा मी ओळखत नाही होय? मणीसुद्धा तेच.”

“तो मी शिवलाय.”

“तू? तुला बटण तरी लावता येतं का, मेल्या?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओडिलची कापलेली वेणी उशीवर पडलेली होती. शोकात केस कापावेत, ही पणजीकडची रीत. पुढे लिओनार्ड रोज जाऊन तिला पणजीच्या गोष्टी सांगे. परक्या घरची हकिकत ऐकावी, तशी ती सभ्यपणे ऐकून घेई.

दुसऱ्या वर्षी ओडिल गेली. श्रेयनामावलीतून आपले नाव वगळावे, ही लिओनार्डची विनंती चित्रपट कंपनीने मान्य केली नाही. पणजीच्या थडग्यावर त्याने जन्ममृत्यूची वर्षे कोरलेला दगड बसवला. ओडिलला तो दाखवायचा राहिला.