रिकामी दांडी

कोंबड्यांचं खुराडं मी स्वतः बांधलं, याचा अभिमान घरात फक्त मलाच आहे. काल दिवेलागणीला पाहिलं, तर सगळ्या कोंबड्या वरच्या दांडीवर दाटीवाटीने बसलेल्या. खालची दांडी रिकामी.

"खालचं सुतारकाम आवडलेलं दिसत नाही," मी म्हणालो.

"अहो, खालून काहीतरी येऊन गेलंय," बायको म्हणाली.

वाकलो. फळीखाली ताजं उकरलेलं भोक होतं. भीती वाटली की कोंबडी सरळ वर सरकते. आपण आधी विनोद करतो.

खाली कोपऱ्यात मात्र एकटी खुडूक कोंबडी होती, बायकोने परवाच अंड्यांवर बसवलेली. वर जायचं तर अंडी सोडावी लागली असती. मी भोकात दगड ठोकला, वर विटा रचल्या. त्या कोंबडीची नजर तिथून हलली नाही.