सुधीरचे पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही सुधीरला ओळखत नाही.

सुधीर माझा धाकटा भाऊ. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही विरारला मनवेलपाड्यात राहायचो आणि मी मुंबईत एका जाहिरात कंपनीत मराठी मजकूर लिहायचे — साबण, मसाले, प्रेशर कुकर. एकदा साहेबांनी सैन्यभरतीची जाहिरात हातात ठेवली.

"सैन्याला जाहिरात कशाला लागते? भरतीला तर रांगा लागतात," मी म्हटलं.

"त्या जवानांच्या. अधिकारी व्हायला शिकलेली पोरं येत नाहीत, बँकेत जातात. त्यांना जरा लाज वाटेल असं लिही."

लिहिलं. काय लिहिलं म्हणून सांगू! खुर्चीत बसणाऱ्या तरुणाला पार धुऊन काढलं. देशात कुणाला लाज वाटली माहीत नाही — आमच्या सुधीरला वाटली. बी.कॉम. होऊन दहापर्यंत झोपणारा हा मुलगा पहाटे जीवदानीच्या पायऱ्या धावत चढायला लागला. कच्ची अंडी प्यायला लागला. आई तर पेढे वाटायच्याच बेतात!

आणि मी? माझी पाचावर धारण बसली. दुसऱ्यांचे भाऊ सीमेवर बोलावताना लेखणी अडली नव्हती — आपला निघाला तर त्याला अडवायला निमित्त शोधायला लागले.

एका रविवारी तो अंघोळ करून बाहेर आला. फरशीवर ओली पावलं उमटली — सुरेख, कमानदार. मी वाकून पाहिलं आणि चेहरा पाडला.

"सुध्या, तुझे तळवे सपाट आहेत रे. सैन्यात चालत नाहीत."

"नक्की, ताई?"

"अरे, जाहिरात मीच लिहिली ना?"

डॉक्टरला तरी दाखवायचं की नाही? नाही दाखवलं. ताई म्हणाली — संपलं. भिंतीकडे तोंड करून कॉटवर पडून राहिला. मी शेजारी बसून त्याचे पाय चेपले. हो, चेपले! इतकी मी निर्लज्ज.

आता तो बँकेत आहे, नायगावला राहतो. बुटांत सपाट तळव्यांसाठीचे महागडे सोल घालतो. दर गणपतीत पाहुण्यांना सांगतो, "ताईने वेळेवर पाहिलं, नाहीतर भरतीत नाचक्की झाली असती." मी त्याच्या पानात आणखी एक मोदक वाढते.

त्याला घेतलं असतं का? कोण जाणे. ते ठरवणं माझं काम नव्हतं. त्याचे पाय चांगले होते. मला ते दिसले होते — आणि मी खोटं बोलले.