जरा थांब, उजेड येऊ दे

खरं आडनाव काहीतरी वेगळंच होतं. दुकानाच्या पाटीवर ते लिहिलेलंही होतं, पण पाटी वाचतो कोण? सगळा रस्ता त्यांना जराथांबे म्हणायचा. हे बारसं शेजारच्या घड्याळवाल्यानं केलं. पासपोर्टच्या फोटोसाठी कुणी स्टुलावर बसलं, की हे दिवा इकडचा तिकडे करायचे, दोन बोटांनी हनुवटी वर उचलायचे, मागे जायचे, पुन्हा पुढे यायचे आणि दर खेपेला म्हणायचे, "जरा थांबा." बसलेला थांबायचा. त्याची मान अवघडायची, ओठांवरचं हसू सुकून जायचं, तरी यांचं "जरा थांबा" चालूच. घड्याळवाला म्हणायचा, "माझ्याकडे बंद पडलेली घड्याळं येतात, आणि यांच्याकडे चांगली चालती माणसं बंद पडतात."

जराथांबेही हसायचे. थांबवून काढलेला फोटो चांगला यायचा, त्यामुळे कुणाची तक्रार नसे. सरकारी कागदावर आपण चोरासारखे दिसत नाही, याचंच लोकांना अप्रूप.

पण दुकान हे पोटासाठी. जीव होता तो सुट्टीच्या दिवसात. दुकानाच्या आतल्या खोलीत एका भिंतीवर बारा मोठे फोटो टांगलेले होते. त्या भिंतीला ते 'माझ्या जागा' म्हणत. एका फोटोत वडील सायकल हातात धरून ज्याच्यावरून कारखान्यात जायचे तो लोखंडी पूल. एकात शाळेची मागची भिंत, जिच्यावरून उडी मारताना हात मोडला होता ती. आणि मधोमध, सगळ्यांत मोठ्या चौकटीत, गावाबाहेरचं तळं. दगडी पायऱ्या, पलीकडच्या काठाला तीन झाडं, पाण्यात त्यांची तीन उलटी झाडं. बाराही फोटोंत माणूस म्हणून औषधालाही नाही. जराथांब्यांचं म्हणणं ठाम होतं, "जागेत माणूस उभा केला की जागा उरत नाही. मग तो त्या माणसाचा फोटो होतो."

तळ्याचं कारण गोड होतं. लग्नाला आठ दिवस झाले होते, दोघं पहिल्यांदाच कुठंतरी फिरायला म्हणून तिथं गेले आणि कॅमेरा सावरता सावरता जराथांबे बुटांसकट चिखलात बसले. कॅमेरा मात्र डोक्यावर धरलेला. आठ दिवस मान खाली घालून वावरणारी बायको त्या पायरीवर पोट धरधरून हसली. आपलं लग्न खरं त्या दिवशी लागलं, असं ते सांगायचे. तेव्हापासून दर वर्षी एकदा तळ्याचा फोटो काढायचाच, असा नेम झाला. चौतीस वर्षं चालला तो.

बायकोला सगळा रस्ता काकू म्हणायचा, आपणही काकूच म्हणू. या नेमात काकूंना एक काम होतं, आणि ते काम नीट सांगायला हवं, कारण घोळ तिथंच झाला.

जराथांब्यांकडे उजेड मोजायचं एक यंत्र होतं, साबणाच्या वडीएवढं. ते आभाळाकडे धरलं तर फसतं, पाण्याकडे धरलं तर फसतं, माणसाचा तळहात मात्र कधी फसवत नाही, अशी त्यांची श्रद्धा. त्यांचे स्वतःचे हात फोटो धुवायच्या औषधांनी काळेपिवळे पडलेले. म्हणून तळहात काकूंचा. काकूंनी पुढे पायरीवर जाऊन उभं राहायचं, तळ्याकडे पाठ करायची, कॅमेऱ्याकडे तोंड करायचं आणि हात पुढे धरायचा. हे येऊन यंत्र लावायचे, आकडा बघायचे, परत कॅमेऱ्यामागे जायचे आणि एक डोळा मिटून त्याच तळहातावरच्या रेषा स्पष्ट दिसेपर्यंत भिंग फिरवत बसायचे. ढग आला की पुन्हा पहिल्यापासून. "जरा थांब, उजेड येऊ दे." काकू हात पुढे करून उभ्या. कधी दहा मिनिटं, कधी तास. सगळं मनासारखं जमलं की हुकूम सुटायचा, "हं, हो बाजूला." काकू बाजूला व्हायच्या आणि फोटो निघायचा.

सुरुवातीच्या काळात काकू म्हणायच्या, "आलोय तर बसू की घटकाभर. बघू दे मला पण."

"आता काय बघतेस? उजेड गेला," हे कॅमेऱ्याची तिवई मिटता मिटता म्हणायचे. "घरी मोठा करून लावतो, मग बघ निवांत."

शिवाय परतीची बस असायची, लेक शेजारणीकडे ठेवलेली असायची. काकू पिशवी उचलून चालायला लागायच्या. पुढे त्यांनी विचारणं सोडलं. पुढे लेकीनं नवा कॅमेरा घेऊन दिला, उजेडाचं सगळं स्वतःचं स्वतः बघणारा, तरी तळहात सुटला नाही. सवय ती सवय. माणूस वाईट होता असं नाही म्हणणार मी, पण काही चांगल्या माणसांना धरून हलवावंसं वाटतं, त्यातले हे.

मग काकू दारांच्या चौकटींना धडकायला लागल्या. टेबलाच्या कडेला ठेवलेला कप हात लागून पडायचा. जराथांबे वैतागून म्हणायचे, "लक्ष कुठं असतं तुझं?" स्टुलावर बसलेल्या परक्या माणसाचा डावा डोळा उजव्यापेक्षा केसभर बारीक आहे, हे ज्यांना दुरून कळायचं, त्यांना घरात रोज समोर बसणाऱ्या बायकोच्या डोळ्यांत काही बिघडलंय हे वर्षभर कळलं नाही. लेक आली, तिनं दोन दिवसांत ओळखलं आणि आईला डॉक्टरणीकडे घेऊन गेली. हेही गेले बरोबर.

काचबिंदू निघाला. डॉक्टरणीनं स्वच्छ सांगितलं. नजर कडांकडून मरत आत येते आहे, गेली ती परत यायची नाही. डावा डोळा जवळजवळ संपलाय. उजव्यात मधलं तेवढं शिल्लक आहे, ते थेंबांवर टिकवायचं. किती दिवस, ते सांगता येत नाही.

जिना उतरताना काकू म्हणाल्या, "म्हणजे मला आता तुमच्या कॅमेऱ्यातनं दिसतं तसं दिसतंय. बाजूचं सगळं बाहेर." लेक रडायला लागली. जराथांबे पुढे जाऊन रिक्षा बघायला लागले.

त्याच संध्याकाळी काकू दुकानाच्या आतल्या खोलीत आल्या आणि भिंतीसमोर उभ्या राहिल्या. तळ्याचा फोटो एका नजरेत मावत नव्हता, तुकड्यातुकड्यानं बघत होत्या.

"मला एकदा तळ्यावर न्या," त्या म्हणाल्या. "कॅमेरा नको. नुसतं बसायचंय."

"हे काय, आहे की समोर."

"हे तुम्ही बघितलेलं आहे. मला माझं बघायचंय."

त्यांनी लगेच होकार दिला. खोटं नाही, मनापासून दिला. दुसऱ्याच दिवशी एकटे जाऊन तळं पाहूनही आले. आणि तिथं घोडं अडलं. पाणी खाली गेलेलं, काठाला चिखल, आभाळ राखेच्या रंगाचं. बायको शेवटचं म्हणून जे बघणार, ते असं? त्यांना काही ते पटेना.

"जरा थांब," घरी येऊन ते म्हणाले. "पाणी भरू दे, आभाळ मोकळं होऊ दे. असा उजेड बघून नेतो की बघत राहशील."

"मला चिखलही चालेल हो."

"तुला चालेल, मला नाही चालणार."

पाणी भरलं, तर ढग हटेनात. ढग हटले, तर सकाळी धुकं आणि दुपारी पांढरंफटक ऊन. सात-आठ वेळा जराथांबे एकटे जाऊन आले आणि मान हलवत परतले. पाच महिने गेले असे. या पाच महिन्यांत दिवसातून तीन वेळा काकूंच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम त्यांनी कुणालाच करू दिलं नाही. घड्याळवाल्याकडून गजराचं घड्याळ आणलं, एक वेळ चुकली नाही. थेंब घातल्यावर गालावर ओघळलेलं पाणी ते रुमालाच्या टोकानं इतक्या हळू टिपायचे की काकूंनाच हसू यायचं. म्हणून तर रागावणंही धड जमत नाही या माणसावर.

काकूंनी चार वेळा आठवण केली. चौथ्यांदा भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हणाल्या, "अहो, उजेड तिकडे कमी नाहीये. इकडे कमी होतोय."

जराथांब्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणाले, "रविवारी जाऊ. कसंही असो."

शुक्रवारी सकाळी काकू उठल्या त्या डोकं धरूनच. उजवा डोळा लाल, उलट्या थांबेनात. डोळ्यातला दाब एकाएकी चढला होता. डॉक्टरणीनं होतं नव्हतं ते सगळं केलं, त्याच दुपारी ऑपरेशनही केलं. दुखणं थांबलं. पट्टी सोडली तेव्हा काकूंनी विचारलं, "खिडकी बंद आहे का?" खिडकी उघडी होती.

त्यानंतर जराथांब्यांनी दुकान महिनाभर उघडलं नाही. घड्याळवाला येऊन दारातूनच परत जायचा, विनोद त्यालाही सुचत नव्हता. तीन दिवस. रविवारच्या फक्त तीन दिवस आधी गेलो असतो, चिखल असता तरी, धुकं असतं तरी. हा एकच हिशोब ते मनातल्या मनात करत बसायचे आणि तो कधीच जुळायचा नाही.

शेवटी काकूच म्हणाल्या, "ते तळ्यावर जायचं राहिलंय."

"आता?"

"ठरलं होतं ना?"

गेले. काकूंचा हात धरून एकेक पायरी मोजत जराथांबे खाली उतरले, आणि मान वर करून बघतात तर काय! आभाळ धुतल्यासारखं, कोवळं तिरपं ऊन, पाणी काठोकाठ आणि स्तब्ध, तिन्ही झाडं मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्यात उतरलेली. असा उजेड चौतीस वर्षांत दोनदा मिळाला असेल. पाच महिने ज्याची वाट बघितली, तो नेमका आज टपकला होता. त्यांना आभाळाला शिव्या घालाव्याशा वाटल्या. मग कळलं की आभाळाचा यात काही दोष नाही.

"सांगा," पायरीवर बसल्यावर काकू म्हणाल्या. "काय दिसतंय?"

"पाणी भरलंय. तीन झाडं आहेत. पाण्यात त्यांची—"

"ते तुमच्या फोटोत आहे. फोटोत नाही ते सांगा."

जराथांबे इकडे तिकडे बघायला लागले. कॅमेरा लावताना जे जे टाळायचं, ते टाळून टाळून त्यांच्या नजरेलाही वळण लागलं होतं. "डावीकडे एक... पंपाची खोली आहे वाटतं. बुटकीशी."

"निळ्या दाराची," काकू म्हणाल्या. "दार खालून कुजलंय. कुलूप आहे, पण कडीच निखळलेली, त्यामुळे ढकललं की उघडतं. मागे एक चपटा दगड आहे बसायला."

"तुला काय माहीत?"

"बाजूला हो म्हणायचात ना, तेव्हा तिथंच जाऊन उभी राहायचे मी. नाहीतर जाणार कुठं? फोटोत येईन म्हणून ओरडायचात."

जराथांब्यांनी मान वळवून त्या निळ्या दाराकडे बघितलं. चौतीस वर्षं त्या खोलीकडे ते फोटोतली अडचण म्हणून बघत आले होते.

"आणि तळं?" त्यांनी विचारलं. भीत भीतच. "तळं किती आठवतं तुला?"

"जाता-येता दिसायचं तेवढं. बसच्या खिडकीतनं दिसावं तसं." काकू थोडं हसल्या. "तुम्ही मात्र मला अख्खे आठवता. कॅमेऱ्यामागे एक डोळा मिटलेला, जिभेचं टोक दातात. एका वर्षी शर्टाची बटणं वरखाली लागली होती, मी सांगितलंच नाही, मजा वाटत होती. मग मिशी आली, मग गेली. मग चष्मा आला. माझ्या समोर तुम्हीच असायचात ना हो. पाठ तळ्याकडे."

जराथांब्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला रुमाल काढला, पण पुसलं नाही. कुणापासून लपवायचं? आपण चौतीस वर्षं हिच्या तळहातावरच्या रेषा बघितल्या, चेहरा कधी बघितला का, हे त्यांना आठवेना. आठवतच नव्हतं. घरी हिचा धड एक फोटो नव्हता. पासपोर्ट साइजचा एक होता, तोही घाईत काढलेला, कारण बाहेर गिऱ्हाईक बसलं होतं.

ऊन आणखी तिरपं होत पायरीवर आलं. काकूंना ते अंगावर जाणवलं असावं. त्यांनी सवयीनं उजवा हात पुढे धरला, तळहात वर.

"उजेड चांगला पडलाय ना?"

"हो," जराथांबे म्हणाले. "अगदी पाहिजे तसा."

"मग काढून घ्या फोटो. मी होते बाजूला."

आणि पायरी चाचपत त्या उठायला लागल्या, बरोबर पंपाच्या खोलीच्या दिशेनं. जराथांब्यांनी तो पुढे केलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि त्यांना परत खाली बसवलं. कॅमेरा त्यांनी आणलाच नव्हता.