बेंजोच्या सुरात लावलेली गिटार

कोळीवाड्यातल्या गिटारवादकावर पुरवणीचं पान लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मुरुडचा आणि त्याचा शाळेतला मित्र. संपादकांना एवढंच ठाऊक होतं. त्याची पहिली गिटार सुरात लावणारा मी होतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते कधीतरी छापून यावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

लावली म्हणजे चुकीचीच लावली. आम्ही अकरावीत होतो. त्याच्या मामाची हळदीला वाजवणारी बेंजो पार्टी होती आणि मामानेच मुंबईहून एक जुनी गिटार आणली. सहा तारा कशा लावतात हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. बेंजोच्या तारा एकाच सुराला धरून असतात, म्हणून मी मामाचा बेंजो समोर ठेवला आणि गिटारच्या तारा षड्ज-पंचमात पिळल्या. एक तुटली.

अशा गिटारवर नेहमीचे कॉर्ड बसत नाहीत. त्याने बोटीच्या इंजिनाच्या पाइपचा तुकडा करंगळीत घातला आणि तो तारांवरून सरकवत हळदीची गाणी वाजवायला लागला. सूर माणसाच्या आवाजासारखा ओढत वर जायचा.

वर्षभराने मी अलिबागला गिटारचा क्लास लावला. बरोबर ट्यूनिंग शिकून आलो आणि त्याच्या ओट्यावर बसून त्याची गिटार दुरुस्त केली. तासाभरात त्याने ती पुन्हा होती तशी केली. मी त्याला अडाणी म्हणालो. परदेशातले जुने ब्लूजवालेही गिटार अशीच मोकळ्या सुरात लावतात आणि काचेची नळी फिरवतात, हे पुढे त्याला मोबाइलवर सापडलं. तोवर त्याचा हात बसला होता.

मग मुंबईतले क्लब, स्वतःचा रॉक बँड, दोन अल्बम, परदेश दौरे. मी पत्रकार झालो. त्याच्याबद्दल छापून आलेलं सगळं मी वाचलं. वाईट परीक्षण एकदाच आलं. ते मी दोनदा वाचलं.

मुलाखत मांडव्याच्या जेट्टीवर झाली. तो मुंबईला जाणाऱ्या कॅटामरान बोटीची वाट बघत होता.

"कुणाचं ऐकून शिकलास?"

"मामाचा बेंजो. आयची हलदीची गानी. मंग फोनवर गावलं ते."

"आणि ट्यूनिंग?" पानाला या प्रश्नाची गरज नव्हती.

तो हसला. "साहेब त्याच्यासाठी आलं व्हय इथवर? तूच लावलीस की. लिही."

"लिहितो."

"पन पुरं लिही हां. नंतर येऊन मोडत व्हतास, मला अडानी म्हनलास, ते बी."

मी म्हणालो, जागा कमी आहे.

"मंग मामाचं नाव टाक. म्हातारा खूश होईल."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. निदान इतकी वर्षं त्याने माझा विचार केला, असं तरी समजता आलं असतं.

मी मजकूर तीनदा लिहिला. पहिल्यात गिटार मी लावली होती आणि गोष्ट तिथेच थांबत होती. ती अर्धी होती. दुसऱ्यात सगळं होतं. तो वाचून कुणीही विचारलं असतं, मित्राच्या हाताला लागलेलं बिघडवायला निघालेला हा माणूस कोण? तिसऱ्यात मामाने लावली. तो मजकूर छापून आला.

मामाने कात्रण लॅमिनेट करून बेंजोच्या टेम्पोत लावलं. गेल्या महिन्यात शेजारच्या हळदीला तो सगळ्यांना सांगत होता, की कुठली तार किती पिळायची हे त्याला आधीच सुचलं होतं. लोक ऐकत होते. भाचा दौऱ्यावर होता. खरं माहीत असलेला तिथे मी एकटाच.

सांगता सांगता मामाचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"तू बी वाजवायचास ना रं तवा कायतरी?"

मी हो म्हणालो.