बाबांना समुद्र दाखवायला

सासरे पुण्याहून हॅम्बर्गला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा त्यांना काय दाखवायचं हा प्रश्नच मला पडला नाही. त्यांची सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेली. रविवारी मी त्यांना बंदरातल्या फेरीबोटीवर न्यायचे, तेही वरच्या डेकवर, वाऱ्यात. ते कानटोपी ओढून मुकाट बसायचे. मला वाटायचं, जुन्या आठवणींत रमलेत.

मग लेकीच्या सुट्टीत मी आयर्लंडमधलं एक छोटं गाव ठरवलं. एके काळी तिथली निम्मी माणसं दर्यावर्दी होती म्हणे. नवऱ्याला ऑफिसातून उरलाउब, म्हणजे रजा, मिळाली नाही, म्हणून निघालो आम्ही तिघंच. खरं म्हणजे त्या गावाची हौस मला होती, पण बाबांच्या वेगळ्या व्हिसासाठी धावपळ करताना मी सगळ्यांना सांगत होते, "बाबांसाठी चाललोय."

बाबा एकदा म्हणाले, "अगं, मी घरी राहिलो तरी चालेल."

"काहीतरीच काय, बाबा! तुमच्यासाठीच तर सगळं."

त्यांनी व्हिसाच्या अर्जावर सही केली.

गाव फोटोतल्यासारखंच होतं. रंगीत घरांची एक ओळ, चौकात पांढरा रंग दिलेला जहाजाचा जुना नांगर, आणि समुद्रात लांबवर गेलेला दगडी धक्का. सकाळी बाबा म्हणाले, गुडघा दुखतोय, तुम्ही फिरून या. मी ऐकलं नाही. "हळूहळू जाऊ," म्हणत हात धरून त्यांना धक्क्यावर घेऊन गेले. लेक पुढे पळत होती आणि मागे वळून ओरडत होती, "आजोबा, कोम! श्नेल! लवकर या ना!"

धक्क्याच्या टोकाला एक काळा दगड होता. समुद्रावर गेलेल्या आणि परत न आलेल्या गावकऱ्यांची नावं त्यावर कोरलेली. एकाच आडनावाची तीन-तीन, चार-चार नावं. मी मोबाइल काढला. "बाबा, इथे उभे राहा ना, छान फोटो येईल."

ते उभे राहिले. मी फोटो काढला. मग मोबाइल खाली केला, तर त्यांचे ओठ थरथरत होते.

आम्ही बाकावर बसलो. लेक शिंपले वेचायला लागली. मग बाबा बोलले, समुद्राकडे न बघता.

"माझ्या केबिनमध्ये आमच्याच गावचा एक पोरगा होता. सकाळी हजेरीला आला नाही. कप्तानाने जहाज वळवलं, अंधार पडेपर्यंत आम्ही शोधत होतो. मग निघालो. निघावंच लागतं गं. त्याची ट्रंक मी त्याच्या आईकडे पोचवली. ती सारखी विचारायची, नीट शोधलंत ना?"

"बाबा, तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तू एवढ्या हौसेने न्यायचीस. तुला कसं नाही म्हणू?"

मला त्या फेरीवरचे सगळे रविवार आठवले. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावत आले होते. एकदाही विचारलं नव्हतं, बाबा, तुम्हाला आवडतंय का? मी म्हटलं, "चुकलंच माझं." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. त्याने तर आणखीच वाईट वाटलं. त्यांची समजूत मी घालायला हवी होती, आणि तेच माझी घालत होते.

"याला नको सांगूस," ते म्हणाले. याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. "त्याच्या लहानपणी मी घरीच नसायचो. निदान बाप मजेत होता, असं तरी त्याला वाटू दे."

दुपारची बोटीची सफर मी रद्द केली. आम्ही बसने आतल्या बाजूला, मेंढ्यांच्या कुरणांकडे गेलो. तिथे बाबांनी नातीला मेंढीचा हुबेहूब आवाज काढून दाखवला. तिला हसू आवरेना. त्यांना एवढं मोकळं झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

हॅम्बर्गला नवरा विमानतळावर घ्यायला आला होता. गाडीत बसताच त्याने विचारलं, "मग बाबा? समुद्र बघून बरं वाटलं?"

"फार सुंदर गाव," बाबा म्हणाले.

"गेनाऊ! बरोबर, मला माहीतच होतं. पुढच्या वेळी नॉर्वेची क्रूझ करू."

"नको," मी पटकन म्हणाले. "डोंगरात जाऊ."

"डोंगरात? बाबांना डोंगर कधीपासून आवडायला लागले?"

मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर बाबा खिडकीबाहेर बघत होते, आणि लेक त्यांच्या खांद्यावर झोपली होती. "मला आवडतात," मी म्हणाले.

"तुझं आपलं काहीतरीच," तो हसला आणि त्याने गाडी सुरू केली.